दोन रिपोर्ट 'नाही' म्हणतात, एक 'आहे' म्हणतो

पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"ताई, मी सव्वीस वर्षांची. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना संपत आलाय. सासर अंबरनाथला. आठ दिवसांपूर्वी माहेरी, साताऱ्याकडे आले. अंबरनाथला तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही 'नॉन-रिॲक्टिव्ह' आलं होतं. इथे आईने एका खाजगी प्रसूतिगृहात नाव घातलं. त्यांनी सगळ्या तपासण्या नव्याने केल्या आणि एचआयव्ही 'रिॲक्टिव्ह' आलं, पुढे 2.4 असा आकडा. डॉक्टरबाई म्हणाल्या, आमच्याकडे अशा पेशंटची सोय नाही, मोठ्या दवाखान्यात जा. मी घाबरून दुसऱ्या दिवशी एकटीच बाजारातल्या एका लॅबमध्ये गेले. त्यांनी पट्टीवर तपासलं, 'नॉन-रिॲक्टिव्ह'. नवऱ्याला फोन केला तर तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मला तर काही नाही, तुला कुठून?' गेल्या महिन्यात मला आठ दिवस ताप होता, त्याने झालं असेल का? आईला काहीच सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी घरी डोहाळजेवण आहे, सासरची सगळी येणार आहेत. चौथ्या लॅबमध्ये जाऊ का? की दोन विरुद्ध एक, म्हणजे मला नाही असं समजू?"

उत्तर :

चौथ्या लॅबमध्ये जाऊ नकोस. आणि दोन विरुद्ध एक असा हिशोबही करू नकोस. हे दोन्ही आधी सांगते, कारण तुझ्या पत्रावरून वाटतंय की हे वाचेपर्यंत तू कुठल्या तरी लॅबच्या बाकावर बसलेली असशील.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या त्या एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणीच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे बसून काम केलं. तुझ्यासारखे दोन-तीन कागद हातात घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींना शेवटी काही निघालं नाही. काहींना निघालं. माझ्या लक्षात राहिल्या त्या मात्र ज्यांना उत्तर उशिरा मिळालं त्या, कारण तो उशीर टाळता आला असता.

तुझ्या तीन कागदांपैकी एकही 'आहे' असं म्हणत नाही. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे या नमुन्यात यंत्राला काहीतरी सापडलं, पुढे तपासा. 'पॉझिटिव्ह' हा निष्कर्ष आहे आणि तो एका चाचणीवरून काढायचा नसतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात, नॅकोच्या म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या नियमाप्रमाणे, लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही आहे असं सांगायचं तर तीन वेगवेगळ्या किटवरच्या तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह याव्या लागतात. तुझ्या प्रसूतिगृहाने पहिल्या पायरीवर थांबून तुला दार दाखवलं. ते चुकलं, आणि त्याबद्दल पुढे लिहिते.

तांदूळ निवडायला बसलेली आई आठव. आधी चाळते, मग सुपात घेऊन एकेक खडा बघते. चाळणी मुद्दाम बारीक घेतात, खडा सुटू नये म्हणून, आणि मग खड्यांबरोबर जाड दाणेही वर अडकतात. गरोदरपणातली पहिली तपासणी ही चाळणी आहे. समजा दहा हजार गरोदर बायकांची तपासणी झाली. आपल्याकडे साधारण हजारात दोन हे प्रमाण धरलं तर त्यात खरी लागण असलेल्या वीस. उरलेल्या 9,980 जणींना काही नाही, पण चाचणी 99.5 टक्के अचूक असली तरी त्यांच्यातल्या जवळपास पन्नास जणींचा रिपोर्ट उगाच रिॲक्टिव्ह येणार. म्हणजे 'रिॲक्टिव्ह' असा कागद हातात असलेल्या सत्तर जणींमध्ये पन्नास निरोगी. लॅबने निष्काळजीपणा केला नाही तरी हे होतं. आजार विरळ असला की चांगल्या चाचणीचंही असंच होतं. शिवाय गरोदरपणात शरीरात तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं ती) तयार झालेली असतात. नुकताच झालेला एखादा दुसरा विषाणूचा ताप, ल्युपससारखा आजार, यांनीही यंत्र फसतं.

2.4 या आकड्याबद्दल. त्या यंत्राची रेघ, म्हणजे जिच्या वर गेलं की 'रिॲक्टिव्ह' म्हणतात ती मर्यादा, 1 वर असते. खऱ्या, जुन्या लागणीत हा आकडा बहुधा रेघेच्या खूप वर गेलेला असतो, आणि थोडासाच वर असला तर तो खोटा निघण्याची शक्यता जास्त. तुझ्या बाजूने ही एक गोष्ट आहे. पण लागण अगदी ताजी असली तरीही आकडा लहानच असतो. म्हणून एवढ्यावर निर्धास्त हो असं मी तुला सांगणार नाही.

आता मतमोजणी का चालत नाही ते. तुझा पहिला रिपोर्ट तिसऱ्या महिन्यातला आहे. तो त्या दिवसाच्या काही आठवडे आधीपर्यंतच्या काळापुरताच बोलतो, पुढच्या चार महिन्यांबद्दल तो काही सांगू शकत नाही. राहिले दोन, आणि ते दोघं एकच गोष्ट शोधत नाहीत. प्रसूतिगृहातली यंत्रावरची चाचणी बहुधा चौथ्या पिढीची असणार. ती आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते आणि विषाणूचा पी-24 नावाचा तुकडाही शोधते. पट्टीवरच्या बहुतेक चाचण्या फक्त प्रतिपिंडं शोधतात. लागण झाल्यावर विषाणूचा तुकडा आधी दिसतो, प्रतिपिंडं मागून येतात. मधले काही दिवस, कधी काही आठवडे, असे असतात की यंत्र 'रिॲक्टिव्ह' म्हणतं आणि पट्टी कोरी राहते. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाला विंडो पिरियड म्हणतात, आणि पट्टीचा तो काळ यंत्राहून लांब असतो. तुझी जोडी, यंत्र 'हो' आणि पट्टी 'नाही', बहुतेक वेळा यंत्राची चूक निघते. पण नव्या लागणीतही नेमकी हीच जोडी दिसते. बाजारातल्या आणखी चार पट्ट्या आणल्यास तरी त्या हा गुंता सोडवू शकत नाहीत, कारण चारही पट्ट्या तेच एक शोधणार.

तुझा ताप दोन्हीकडे बसतो. साध्या तापानेही यंत्र फसू शकतं, आणि नव्या लागणीतही दोन-चार आठवड्यांनी ताप येतो, अंगावर पुरळ येतं, मानेत गाठी येतात. त्यामुळे त्यावरून घरी बसून काही ठरवू नकोस. तारीख मात्र लिहून ठेव, ताप कधी आला, किती दिवस राहिला, आणि डॉक्टरांना सांग.

मग करायचं काय? उद्या सकाळी तिन्ही कागद, तुझं माता-बाल कार्ड आणि आधीचे सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत घाल आणि सरळ जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत जा. तिथे चाचणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत. बाहेर बोर्डावर काही वेळा नुसता खोली क्रमांक असतो. सापडलं नाही तर गरोदर मातांच्या ओपीडीतल्या सिस्टरना विचार, त्या रोज तिकडे बायका पाठवतात.

आत गेल्यावर तिन्ही कागद टेबलावर ठेव. रिॲक्टिव्ह आलेला तर सगळ्यात आधी ठेव. हे मी दोनदा सांगण्याचं कारण माझ्याच कामात घडलेलं आहे. सहाव्या महिन्यातली एक बाई आमच्याकडे आली, रिॲक्टिव्ह कागद पर्समध्ये दडवून. तिला वाटलं, आधीचं काही कळलं नाही तर हे लोक निःपक्षपातीपणे तपासतील. आम्ही पट्टीवर तपासलं, नॉन-रिॲक्टिव्ह आलं. नियमाप्रमाणे पहिली चाचणी कोरी आली की पुढच्या करत नाहीत. मी तिला हसत निरोप दिला. मीही विचारलं नाही की, आत्ताच का आलात, याआधी कुठे तपासलं होतं का? नवव्या महिन्यात ती पुन्हा आली तेव्हा तिन्ही पट्ट्या उमटल्या. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या, बाळाला औषध मिळालं, आणि दीड वर्षाची शेवटची तपासणी होईपर्यंत मी तिच्याबरोबर तारखा मोजत होते. बाळ निरोगी निघालं. पण आम्ही वाया घालवलेले ते तीन महिने मी कधीच विसरले नाही. तेव्हापासून प्रत्येक बाईला माझा पहिला प्रश्न तोच असायचा.

म्हणून तिथे स्पष्ट शब्दांत सांग, "यंत्रावर रिॲक्टिव्ह आलंय आणि पट्टीवर नाही. मला नव्याने रक्त देऊन पूर्ण तपासणी करायची आहे." नवा नमुना, कारण जुन्या नमुन्यावर चिठ्ठी बदलली गेली असेल, नळी अदलाबदल झाली असेल, तर तीही शंका मिटते. हे क्वचित होतं, पण होतं. तिथल्या तिन्ही चाचण्यांत एकवाक्यता आली नाही तर निकाल 'अनिश्चित' असा देतात आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. लागण नवी असेल तर तेवढ्यात प्रतिपिंडं वाढून सगळ्या चाचण्या एका बाजूला येतात, आणि चूक असेल तर चित्र तसंच राहतं किंवा पुसलं जातं. पट्टी पुन्हा कोरी आली तरी "यंत्रावरच्या रिॲक्टिव्हचं काय?" हे विचारल्याशिवाय उठू नकोस, आणि पुन्हा येण्याची तारीख लिहून घे.

तुझा आठवा महिना लागतोय, त्यामुळे नुसतं थांबून राहणं मला पसंत नाही. डॉक्टरांना व्हायरल लोडबद्दल विचार. ही चाचणी प्रतिपिंडांच्या मागे न जाता रक्तात थेट विषाणूच मोजते. नवी लागण असेल तर त्या काळात विषाणू रक्तात प्रचंड असतो, लाखांच्या घरात, त्यामुळे ही चाचणी तुझ्यासारखा गुंता बऱ्याचदा एका फटक्यात सोडवते. अनिश्चित नमुना वरच्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवायची व्यवस्था सरकारी यंत्रणेत आहे. तिकडून उत्तराला वेळ लागणार असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाजगीतही करता येते, काही हजारांचा खर्च आहे. पैसे खर्चायचेच असतील तर यावर खर्च, पट्ट्यांवर नको. एक बारकावा लक्षात ठेव. निकालात अगदी क्षुल्लक आकडा आला, रक्ताच्या एका मिलिलिटरमागे विषाणूच्या चाळीस-पन्नास प्रतींसारखा, तर त्यावरून लगेच काही ठरवायचं नसतं, तीही चाचणी पुन्हा करतात. शिवाय ही चाचणी एचआयव्ही-1 मोजते, एचआयव्ही-2 हा विषाणूचा दुसरा, विरळ प्रकार नाही. म्हणून ती पट्ट्यांच्या जोडीने वाचायची, त्यांच्याऐवजी नाही.

समजा लागण निघाली. हे वाचताना तुझ्या पोटात गोळा येईल हे मला माहीत आहे, तरी लिहिते, कारण रात्री तू याच विचारात जागी असणार. काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के आहे, त्यात अंगावरच्या दुधातून होणारीही धरली. औषधं वेळेत सुरू झाली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला तर तेच प्रमाण एक-दोन टक्क्यांवर किंवा त्याहूनही खाली येतं. एआरटी केंद्रात, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, रोज घ्यायची एक गोळी मिळते, तीन औषधं एकत्र असलेली, मोफत, आणि त्यातल्या डोल्युटेग्राविरमुळे विषाणू काही आठवड्यांतच झपाट्याने खाली येतो. तिसाव्या आठवड्यात सुरुवात झाली तरी हातात पुरेसा वेळ आहे. जन्मल्यावर बाळाला काही आठवडे औषधाचे थेंब देतात, दीड महिन्याचं झालं की टाचेचं थोडं रक्त कागदावर घेऊन तपासतात, आणि पक्कं उत्तर अठराव्या महिन्यात. आमच्या खोलीत त्या अठरा महिन्यांच्या कागदासाठी आलेल्या आया पेढे घेऊन यायच्या.

आणि उत्तर येण्याआधीच कळा सुरू झाल्या तर? लेबर रूममध्ये शिरताच ती पिशवी पुढे कर. अशा वेळी डॉक्टर पक्क्या निकालाची वाट न बघता आईला आणि बाळाला संरक्षणाची औषधं सुरू करू शकतात. मागून निकाल 'नाही' आला तर ती बंद होतात. अंगावर पाजायचं की नाही हेही तेव्हा त्यांनाच विचार. शेजारणीने किंवा आत्याने सांगितलं म्हणून दूध तोडू नकोस. आणि तोवर, निकाल पक्का होईपर्यंत, नवऱ्याशी संबंध आले तर निरोधशिवाय नको. नवी लागण गरोदरपणात होणं बाळाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचं, म्हणून सांगतेय.

नवऱ्याबद्दल. 'तुला कुठून?' हा प्रश्न त्याने विचारला आणि तू तेव्हापासून तो उरावर घेऊन फिरते आहेस. आज तुझ्याकडे त्याचं उत्तर नाही, कारण अजून प्रश्नच सिद्ध झालेला नाही. सत्तरातल्या पन्नास जणी मी वर मोजल्या, त्यांच्या घरातही हेच शब्द बोलले जातात. एका कच्च्या रिपोर्टवर एका मुलीला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. महिन्याभराने तिचा पक्का निकाल 'नाही' आला. कागद बदलला, पण तोंडातून गेलेले शब्द परत घेता आले नाहीत. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. आणि त्याला सांग, "मला तर काही नाही" हे त्याला कशावरून माहीत? त्याचीही तपासणी झाली पाहिजे, अंबरनाथला किंवा रविवारी येईल तेव्हा सोमवारी इथे. त्याचा रिपोर्ट कोरा आला म्हणून तुझा प्रश्न सुटत नाही आणि तुझा कोरा आला म्हणून त्याचा सुटत नाही, पण दोघांचं माहीत असलं की डॉक्टरांना पुढची वाट नीट दिसते. त्याला एकट्याने समजावणं जड जात असेल तर समुपदेशकासमोर बोलव. ते आमचं कामच असतं. तो हात उगारेल, घरातून काढेल अशी भीती असेल, तर ते समुपदेशकाला आधी सांग. अशा बाईच्या मनाविरुद्ध जोडीदाराला कळवायचं बंधन तिच्यावर टाकता येत नाही.

आता त्या प्रसूतिगृहाचं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तुझ्या समजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि निकाल तुझ्या परवानगीशिवाय इतरांना सांगता येत नाही. तुला तर आजार आहे हेही ठरलेलं नव्हतं. तुझ्याकडून सही घेतली होती का, चाचणी कशाची ते सांगितलं होतं का, आठवून बघ. तक्रारीची वाट मोकळी आहे, कायद्यात लोकपालाची, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची, तरतूदच आहे. पण माझं मन विचारशील तर पुढचे दोन महिने तुझी ताकद तिकडे नको. फक्त काय बोललं गेलं ते तारखेसह वहीत लिहून ठेव. बाळंतपणासाठी नाव मात्र उद्याच जिल्हा रुग्णालयात घाल, निकाल काहीही आला तरी. ऐनवेळी 'मोठ्या दवाखान्यात जा' ऐकायची वेळ येऊ नये. रात्रीबेरात्री काही विचारावंसं वाटलं तर 1097 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

आईला सांगायचं का? मी सांगेन, सांग. ती रोज तुझं तोंड बघते आहे, तिला काहीतरी कळलेलंच असणार. उद्या दवाखान्यात जाताना सोबतही लागेल. सगळं सांगायची गरज नाही. "एका तपासणीत गोंधळ झालाय, पुन्हा करायला सांगितलीय" एवढंही चालेल, आणि ते खरंच आहे. सासरच्या मंडळींना आत्ता काही सांगायचं कारण नाही. डोहाळजेवण पुढे ढकलू नकोस. ढकललंस तर कारण विचारणारे दहा जण निघतील. रविवारपर्यंत पट्ट्यांचा निकाल हातात आलेला असेल, व्हायरल लोडचा कदाचित नसेल. हिरवी साडी नेस, ओटी भरून घे, पेढा की बर्फी म्हणून वाट्या उघडायला लावतील त्या उघड. भरल्या घरात कोणी रिपोर्टचं विचारलं तर "सगळं चालू आहे" म्हण आणि विषय बदल.

निकाल घ्यायला जाशील तेव्हा खोलीत आत कोण येणार ते तू ठरवायचं. आई बाहेर थांबेल म्हणालीस तर कोणी तिला आत बोलावणार नाही. कागदावर तीन किटची नावं आणि प्रत्येकीपुढे निकाल असतो. त्या ओळी जशाच्या तशा मला लिहून पाठव, खाली तारीख घाल. तुझं नाव लिहू नकोस.